नांव आणि ठिकाण : इंटरनेटच्या नव्या पत्त्यांची कथा

टपालाच्या पाकिटावर नांव आणि ठिकाण अशा दोन गोष्टी लिहिण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा अशा पायऱ्या लिहिल्या म्हणजे एकाच नांवाचीं दहा गांवें असलीं तरी पत्र चुकत नाहीं. इंटरनेट ह्या जगव्यापी जाळ्याचा कारभारही ह्याच दोन गोष्टींवर चालतो. यंत्रांना अंक समजतात, माणसांना नांवें आठवतात. तेव्हां नांवावरून अंक शोधून देणारी कोणती तरी व्यवस्था मध्यें असावी लागते. पुढें हे अंक अपुरे पडूं लागले व जगांतील यंत्रांना नवे, लांबलचक पत्ते देण्याची वेळ आली. त्या वेळीं नुसते अंक वाढवून भागलें नाहीं. नांव शोधण्याची रीतही पुन्हां बसवावी लागली. ह्या कामाचा बराच मोठा भाग कुलूपबंद आज्ञावल्यांत न होतां, कोणालाही वाचतां, सुधारतां व वाटतां येतील अशा मुक्त कार्यप्रणालींवर झाला. त्या उद्योगाचा इतिहास जितका मनोरंजक, तितकाच बोधप्रद आहे.

जुन्या पत्त्यांची लांबी ठरली ती १९७७ च्या सुमारास. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधनसंस्थेंत त्या वेळीं विंट सर्फ हे ह्या कामाचे सूत्रधार होते. पत्ता किती लांब असावा ह्यावर सहकाऱ्यांत मतभेद होते. अखेर शून्य किंवा एक अशा ३२ खुणांचा पत्ता पुरेसा आहे, असा निर्णय सर्फ यांनीं दिला. ह्या ३२ खुणांतून ४,२९,४९,६७,२९६ निरनिराळे पत्ते होतात. म्हणजे त्या वेळच्या जगाच्या लोकसंख्येइतके जवळजवळ. तो सगळा खटाटोप एक प्रयोग आहे अशीच सर्फ यांची समजूत होती. प्रयोगाला एवढें पुष्कळ झालें, असें त्यांना वाटलें. परंतु प्रयोग संपलाच नाहीं. १९८१ च्या सप्टेंबरांत त्या नियमांची संहिता प्रसिद्ध झाली आणि १ जानेवारी १९८३ रोजीं 'आर्पानेट' हें मूळ जाळें ह्या नव्या नियमांवर आलें.

नांवांची व्यवस्था त्या काळीं फारच साधी होती. कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथील स्टॅन्फर्ड संशोधनसंस्थेंत एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखालीं एक यादी ठेवलेली असे. कोणत्या यंत्राचें नांव काय व त्याचा अंक कोणता, एवढेंच त्या यादींत असे. नवें यंत्र जोडावयाचें झालें म्हणजे त्यांना कळवावयाचें, आणि बाकीच्यांनीं ती यादी वेळोवेळीं उतरवून घ्यावयाची. सारा गांव ओळखीचा असतांना अशी एकच वही पुरते. यंत्रें वाढलीं तशी वही फुगली. ती उतरवून घेईपर्यंत जुनी होऊं लागली. ह्या वहीची आठवण अजून पुसलेली नाहीं. प्रत्येक मुक्त कार्यप्रणालींत 'होस्ट्स' नांवाची एक लहान फाइल आजही असते, आणि बाहेर विचारण्यापूर्वीं यंत्र सामान्यतः आधीं तींत पाहतें.

जॉन पोस्टेल यांनीं हा प्रश्न पॉल मोकापेट्रिस ह्या सहकाऱ्यावर सोंपविला. मोकापेट्रिस यांनीं १९८३ च्या नोव्हेंबरांत जी योजना मांडली, तीच आज 'डीएनएस' म्हणून ओळखली जाते. तिचें तत्त्व पाकिटावरच्या पायऱ्यांसारखेंच आहे. सर्व नांवांची वही एकाकडे नसावी. मुळाशीं असणाऱ्याला फक्त जिल्हे माहीत असावेत, जिल्ह्याला तालुके आणि तालुक्याला गांवें. लौकरच बर्कली येथील विद्यापीठांतील चार विद्यार्थ्यांनीं ही योजना युनिक्स कार्यप्रणालीवर उतरविली. 'बाइंड' ह्या नांवानें ती आज्ञावली जगभर पसरली आणि मुक्तपणें वाटली गेल्यामुळें तीच बहुतेकांची नामपंजी बनली.

१९९० नंतर पत्त्यांची टंचाई दिसूं लागली. तात्पुरता उपाय १९९४ सालीं पुढें आला, तो असा कीं, एका घराला किंवा कचेरीला एकच खरा पत्ता द्यावा आणि आंतील सर्व यंत्रांनीं तोच वापरावा. हा प्रकार वाड्यासारखा आहे. दारावर नंबर एक, आंत बिऱ्हाडें वीस. आंतल्या भाडेकऱ्यानें बाहेर पत्र धाडलें तर त्याचें उत्तर दिंडीवरचा माणूस बरोबर पोंचवितो. पण बाहेरच्यानें आपण होऊन आंतल्या एखाद्या बिऱ्हाडाला पत्र लिहिलें तर तें कोणाचें हें दिंडीला कळत नाहीं. कोणतेंही यंत्र कोणत्याही यंत्राशीं सरळ बोलूं शकावें, ही इंटरनेटची मूळ प्रतिज्ञा होती. तिला ह्या सोयीनें बाध आला. तात्पुरती म्हणून आलेली ही सोय अद्यापि जगभर नांदते आहे.

कायमचा उपाय शोधण्याचें काम त्याच वेळीं चालू होतें. १९९४ च्या जुलैंत टोराँटो येथील सभेंत नव्या नियमांची निवड जाहीर झाली. स्टीव्ह डीअरिंग प्रभृतींच्या ज्या योजनेवर ती आधारलेली होती, तींत पत्ता ६४ खुणांचा होता. वादविवादानंतर तो १२८ खुणांचा करण्यांत आला. एकदां चटका बसलेल्यांनीं ह्या खेपेस हात आंखडता घेतला नाहीं. ह्या लांबीतून निघणारी संख्या ३९ अंकी आहे. जुनी आवृत्ति चौथी होती, आणि पांचवा क्रमांक एका वेगळ्या प्रयोगानें आधींच घेतला होता. म्हणून नवीला सहावा क्रमांक मिळाला. १९९५ च्या डिसेंबरांत तिची पहिली संहिता प्रसिद्ध झाली.

परंतु संहिता म्हणजे कांहीं चालतें यंत्र नव्हे. १९९६ सालीं पेद्रो रोक यांच्या परिश्रमानें लिनक्सच्या गाभ्यांत नव्या पत्त्यांचा पहिला अंकुर फुटला. बर्कलीच्या परंपरेंतील बीएसडी प्रणालींसाठीं फ्रान्समध्यें एक, अमेरिकेच्या नौदल प्रयोगशाळेंत दुसरा आणि जपानांत तिसरा असे प्रयत्न स्वतंत्रपणें सुरू झाले. त्यांतील जपानी प्रयत्न टिकला, आणि बाकीच्यांनीं समंजसपणें त्याच चुलीवर आपला स्वयंपाक मांडला.

ह्या जपानी मंडळाचें नांव 'कामे'. ज्या कारिगोमे नांवाच्या ठिकाणीं त्याची कचेरी होती, त्याचें हें संक्षिप्त रूप. शिवाय जपानी भाषेंत कामे म्हणजे कांसव. १९९८ च्या एप्रिलांत तें सुरू झालें. फुजित्सु, हिताची, एनईसी, तोशिबा, योकोगावा व इंटरनेट इनिशिएटिव्ह जपान अशा एरव्हीं एकमेकांच्या स्पर्धेंत असलेल्या कंपन्यांनीं आपलीं माणसें ह्या एकाच कामासाठीं दिलीं. त्यांच्या पाठीशीं जून मुराई यांनीं उभारलेला 'वाइड' हा विद्यापीठीय उद्योग होता. जें घडेल तें सर्वांना विनामूल्य द्यावयाचें, अशी अट होती. आपल्याकडे देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कांसव असतें, आणि मंदर पर्वत पाठीवर तोलून धरणाऱ्या कूर्माची कथा घरोघर माहीत आहे. जपानी मंडळाच्या मनांत ती कथा असण्याचें कारण नाहीं, पण त्यांच्या कामाला ती चपखल लागू पडते. मंडळाच्या संकेतस्थळावर कांसवाचें एक चित्र होतें. जुन्या पत्त्यानें येणाऱ्या पाहुण्याला तें निश्चल दिसे. नव्या पत्त्यानें येणाऱ्याला तेंच कांसव हालचाल करून नाचतांना दिसे. जगभरच्या कित्येक तंत्रज्ञांनीं रात्र रात्र जागून यंत्राची जुळणी केली आणि कांसव हाललें तेव्हांच ती साधली असें मानलें.

ह्या मंडळाचा प्राण म्हणजे जून-इचिरो हागिनो. सारे त्यांना 'इतोजून' ह्या टोपणनांवानें ओळखत. आज्ञावली लिहावी, ती निरनिराळ्या प्रणालींत बसवावी, सभांतून भांडावें आणि परत येऊन पुन्हां लिहावें, असा त्यांचा क्रम होता. २००० च्या मार्चांत फ्रीबीएसडीच्या चौथ्या आवृत्तींत कांसवाचें काम सामील झालें. त्याच वर्षीं ओपनबीएसडी व नेटबीएसडी ह्या भावंडांनींही तें स्वीकारलें. लिनक्ससाठीं 'उसागी', म्हणजे ससा, ह्या नांवाचें दुसरें जपानी मंडळ २००० सालीं उभें राहिलें. ह्या कथेंत ससा आणि कांसव शर्यत न लावतां एकमेकांना साह्य करीत होते.

खरी कसोटी लागली ती नांवांच्या बाबतींत. पहिली अडचण अशी कीं, नांवावरून पत्ता मागणारी युनिक्समधील जुनी रीत एका जातीचेच पत्ते देण्यासाठीं घडलेली होती. आतां एका नांवाला जुना व नवा असे दोनही पत्ते असूं शकत होते. म्हणून 'गेट-अॅड्रेस-इन्फो' ही नवी रीत आली. ती दोनही जातींचे पत्ते क्रमवार लावून देते, आणि मागणाऱ्यानें एकामागून एक करून पाहावयाचे असतात. दिसावयास हें सोपें. पण जुन्या रीतीवर लिहिलेल्या हजारों आज्ञावल्या एकेक करून बदलाव्या लागल्या. कांसवाच्या मंडळानें आपली आवृत्ति मुक्तपणें दिली, तेव्हां कितीतरी आज्ञावल्यांना ती आयतीच मिळाली.

दुसरा वाद नामपंजींतील नोंदीच्या रूपाबद्दल झाला. १९९५ च्या योजनेंत सरळ नोंद होती. जुन्या पत्त्याच्या नोंदीला 'ए' म्हणत. नवा पत्ता चौपट लांब म्हणून त्याच्या नोंदीला चार 'ए' लावले. २००० सालीं 'ए-सहा' नांवाची दुसरी, अधिक हुषार नोंद पुढें आली. तींत पत्ता तुकड्यांत ठेवावयाचा. अखेरचा तुकडा स्वतःच्या वहींत आणि आरंभाचा तुकडा पत्ते पुरविणाऱ्या संस्थेच्या वहींत. पुरविणारा बदलला तर एकाच ठिकाणीं दुरुस्ती करावी, म्हणजे झालें, अशी कल्पना होती. कल्पना मोहक खरी. पण एका नांवासाठीं चार दारें ठोठवावीं लागलीं आणि त्यांतील एक बंद असलें, तर संबंध पत्ताच हरवतो. हागिनो यांनीं ह्या दोन नोंदींची तुलना लिहून 'ए-सहा'ची खरोखर गरज आहे काय, असा प्रश्न सरळ विचारला. २००१ च्या ऑगस्टांत लंडनच्या सभेंत कौल साध्या नोंदीकडे झुकला. दुसऱ्या वर्षीं 'ए-सहा'ची रवानगी प्रायोगिक वर्गांत झाली, आणि २०१२ सालीं ती इतिहासजमा म्हणून घोषित झाली.

तिसरी अडचण सर्वांत विलक्षण आहे. नव्या व्यवस्थेंत यंत्राला पत्ता कोणी हातानें लिहून द्यावा लागत नाहीं. जाळ्याच्या वेशीवरील राउटर अधूनमधून दवंडी पिटतो कीं, ह्या आळीच्या पत्त्यांचा आरंभ अमुक आहे. तें ऐकून यंत्र उरलेला भाग स्वतः तयार करतें आणि तो पत्ता दुसऱ्या कोणाचा नाहीं ना, हें शेजाऱ्यांना विचारून मग वापरूं लागतें. आरंभीं हा उरलेला भाग यंत्रावरील कायमच्या कारखानी क्रमांकावरून बनत असे. मग तेंच यंत्र कोठेंही गेलें तरी ओळखतां येतें, हा धोका ध्यानांत आल्यावर २००१ पासून वेळोवेळीं बदलणाऱ्या तात्पुरत्या पत्त्यांची तोड निघाली. असें हें स्वयंभू यंत्र. पण नांवें विचारावयाचीं कोणाला, हें मात्र त्याला कोणी सांगत नसे! दवंडींत त्याचा उल्लेखच नव्हता. नव्या गांवीं बिऱ्हाड मिळावें, दारावर पाटी लागावी, आणि पोस्ट कोठें आहे एवढेंच कळूं नये, तसा हा प्रकार झाला.

परिणामीं कारभाऱ्याला प्रत्येक यंत्रावर 'रिझॉल्व्ह' नांवाच्या छोट्या फाइलींत नामसेवकाचा पत्ता हातानें लिहावा लागे. तोही नवा, लांबलचक, सोळा चिन्हांच्या मोजणींतला. एक चिन्ह चुकलें तर यंत्र जाळ्यावर असूनही मुकें. बहुतेक जण मग सोपी वाट धरीत: नामसेवकाचा जुना पत्ता जुन्याच मार्गानें मिळवीत. म्हणजे नव्या जगांतही नांव शोधण्यासाठीं जुन्या जगाची काठी लागे. तोड काय, ह्यावर अनेक वर्षें वाद चालला. कोणी म्हणे, हें काम वेगळ्या वाटपसेवकाकडे द्यावें; त्याचे नियम २००३ सालीं ठरले. कोणी म्हणे, दवंडींतच नामसेवकाचा पत्ता सांगावा. कोणी म्हणे, सर्वांना पाठ असा एकच ठराविक पत्ता राखून ठेवावा. २००६ सालीं तिन्ही मतांची तुलना प्रसिद्ध झाली, पण निवाडा झाला नाहीं. दवंडीचा मार्ग २००७ सालीं प्रयोग म्हणून आणि २०१० सालीं नियम म्हणून मान्य झाला. ज्या व्यवस्थेची पहिली संहिता १९९५ ची, तिला आपल्या शेजारचें पोस्ट दाखविण्यास पंधरा वर्षें लागलीं.

हागिनो यांचा आणखी एक झगडा उल्लेखनीय आहे. नव्या संहितेंत जुना पत्ता नव्या पत्त्याच्या पोटांत घालून दाखविण्याची सोय होती. त्यामुळें एकच दार उघडें ठेवून दोन्ही प्रकारच्या पाहुण्यांना घेतां येई. हागिनो यांचें म्हणणें असें कीं, पहारेकऱ्याला जुना पाहुणा नव्या वेषांत दिसला तर मनाईची यादी कुचकामी ठरते. सोय आणि सुरक्षितता ह्यांत त्यांनीं सुरक्षितता निवडली. ओपनबीएसडीनें ती सोय अजिबात काढून टाकली. नेटबीएसडी व फ्रीबीएसडी यांनीं ती मूळ मांडणींत बंद ठेवली. लिनक्सनें मात्र चालू ठेवली. म्हणूनच एकच आज्ञावली एका प्रणालीवर दोन दारें मागते आणि दुसरीवर एकाच दारानें भागविते.

मुळाशीं असलेल्या नामपंजीलाही नवी सवय लावावी लागली. २००४ च्या जुलैंत जपान व कोरिया ह्या देशांच्या नामसेवकांचे नवे पत्ते प्रथम मूळ वहींत चढले. ४ फेब्रुवारी २००८ रोजीं तेरा मूळ सेवकांपैकीं सहांचे नवे पत्ते नोंदले गेले. त्यांत जपानांतील 'वाइड'नें चालविलेला सेवकही होता. जुन्या पत्त्यांचा आधार न घेतां मुळापासून नांव शोधणें तत्त्वतः तेव्हां शक्य झालें.

तो दिवस पाहावयास हागिनो नव्हते. कांसवाच्या मंडळानें २००६ च्या मार्चांत आपलें काम पुरें झालें म्हणून विसर्जन केलें होतें, आणि २९ ऑक्टोबर २००७ रोजीं, चाळिशीही न गांठतां, हागिनो यांचें निधन झालें. त्यांच्या नांवाचा सन्मान २००९ च्या नोव्हेंबरांत हिरोशिमा येथील सभेंत प्रथम देण्यांत आला.

टंचाई मात्र कोणासाठीं थांबली नाहीं. ३ फेब्रुवारी २०११ रोजीं जुन्या पत्त्यांच्या मध्यवर्ती कोठारांतील शेवटचे पांच गठ्ठे पांच खंडीय संस्थांना वांटले गेले. त्याच वर्षीं ८ जून रोजीं मोठमोठ्या संस्थांनीं एक दिवसापुरते आपले दरवाजे नव्या पत्त्यांनीं उघडून पाहिले. ६ जून २०१२ पासून ते कायमचे उघडले. ह्या मधल्या काळांत एक जुनें दुखणें उघड झालें होतें. नांवाला दोन पत्ते मिळत, यंत्र नियमाप्रमाणें आधीं नव्या वाटेनें जाई, ती वाट मध्येंच तुटलेली असे, आणि ती तुटलेली आहे हें कळण्यास कांहीं प्रणालींवर मिनिटाहून अधिक वेळ लागे. मनुष्य तेवढा वेळ थांबत नाहीं. तो नवी व्यवस्थाच बंद करून टाकतो. ह्यावर २०१२ सालीं जो तोडगा लिहिला गेला, तो व्यवहारी होता: पहिल्या वाटेला किंचित अवधि द्यावा आणि उत्तर आलें नाहीं तर दुसरीही वाट धरावी, जी आधीं पोंचेल ती खरी. पुढील सुधारणेंत हा अवधि सेकंदाच्या चौथ्या हिश्शाइतका सुचविला आहे. शुद्ध नियमानें जें साधलें नव्हतें, तें ह्या थोड्याशा सबुरीनें साधलें.

भारताचा ह्या इतिहासांतील भाग उशिरा आला, पण मोठा आला. २०१० सालीं सरकारी दूरसंचार खात्यानें नव्या पत्त्यांची पहिली राष्ट्रीय योजना प्रसिद्ध केली. २०१६ च्या सप्टेंबरांत जिओचें मोबाइल जाळें सुरू झालें, तें नव्या पत्त्यांवर उभें राहूनच. कोट्यवधि ग्राहकांना पुरतील इतके जुने पत्ते शिल्लकच नव्हते. आज नव्या पत्त्यांच्या वापरांत भारत जगांतील आघाडीच्या देशांत मोडतो, आणि खिशांतील ज्या दूरध्वनींवर हें चालतें, त्यांतील बहुतेकांच्या पोटांत लिनक्सचा मुक्त गाभा आहे. नांवांच्या बाजूसही मराठी वाचकाला जवळची एक घटना घडली. २७ ऑगस्ट २०१४ रोजीं 'भारत' हा प्रत्यय देवनागरींत खुला झाला, आणि मराठी नांव मराठी लिपींत लिहून यंत्राला ठिकाण विचारतां येऊं लागलें. आंतल्या आंत तें नांव रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपांत बदलून जुन्याच नामपंजींत शोधलें जातें. १९८३ ची ती योजना इतकी लवचिक निघाली.

जुने पत्ते अजून गेलेले नाहींत. बहुतेक यंत्रें आज दोन्ही ठिकाणें बाळगून आहेत, आणि कारभाऱ्याला दोन्हींची व्यवस्था पाहावी लागते. १९८३ प्रमाणें एका तारखेला सर्वांनीं एकदम उडी मारण्याचा काळ केव्हांच मागें पडला. एवढ्या अवाढव्य जाळ्याचा पाया चालत्या गाडींत बदलावयाचा, तोही वापरणाऱ्याला न कळतां, हें काम हुकुमानें होण्यासारखें नव्हतें. प्रतिस्पर्धी कंपन्यांनीं एकत्र बसून लिहिलेली, कोणीही तपासून पाहावी अशी आज्ञावली उपलब्ध झाली, म्हणून तें होऊं शकलें. घरांतील मूल आज एखादें नांव टाइप करतें आणि क्षणार्धांत ठिकाण सांपडतें. त्या क्षणांत आधीं छोटी वही चाळली जाते, मग नामसेवकाला विचारलें जातें, चार 'ए'ची नोंद येते, दोन वाटा आजमावल्या जातात. आणि ह्यांतील प्रत्येक पायरीमागें कोणाचा तरी वाद, कोणाची तरी वर्षें आणि कित्येकदां एक निनांवी जागरण असतें.